मोबाईलचा रिचार्ज : हिशेब करून निवडा
(नभोवाणीवरील भाषण)

बियाण्याची पिशवी घेताना आपण उगवणशक्ती, वजन आणि किंमत बघतो. मोबाईलचा रिचार्ज मात्र दुकानदार सांगेल तो मारतो. घरात तीन-चार फोन असले की वर्षाचा आकडा मोठा होतो. तेव्हा प्लॅनची तुलना कशी करावी, ते आज पाहू.

दिवसाचा भाव काढा. पुष्कळ प्लॅन महिन्याचे म्हणून विकले जातात, पण त्यांची मुदत असते २८ दिवस. त्यामुळे वर्षात १२ नव्हे, १३ रिचार्ज करावे लागतात. किमतीला दिवसांनी भागावे. नुसत्या हिशेबासाठी धरा, २८ दिवसांचा प्लॅन २०० रुपयांना आहे; म्हणजे दिवसाला सुमारे ७ रुपये १४ पैसे, आणि १३ वेळा मिळून २,६०० रुपये. ८४ दिवसांचा ५४० रुपयांना असेल तर दिवसाला सुमारे ६ रुपये ४३ पैसे पडतात. ट्राय या नियामक संस्थेच्या २०२२ मधील आदेशानुसार प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा निदान एक प्लॅन ठेवायचा आहे. तोही विचारून घ्यावा.

गरज कोणाची, ते बघा. 'रोज दीड जीबी' हे कालव्याच्या पाळीसारखे आहे. त्या दिवशी वापरले नाही तर उरलेले वाया जाते. एकत्र मिळणारा डेटा शेततळ्यासारखा, मुदतीत लागेल तसा वापरता येतो. शिकणाऱ्या मुलाला रोजचा डेटा उपयोगी पडेल. आजीच्या साध्या फोनला डेटा कशाला? विहिरीवरच्या मोबाईल स्टार्टरचेही तसेच. तो फोन किंवा एसेमेसवर चालणारा असेल तर त्यातल्या सीमला इंटरनेट लागत नाही. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम केला, की फक्त बोलणे आणि एसेमेस असलेले रिचार्जही कंपन्यांनी द्यावेत. अशा रिचार्जची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. दुकानात ते नावानिशी मागावेत.

रेंज आधी, भाव नंतर. गावच्या पारावर रेंज आहे म्हणून मळ्यात असेलच असे नाही. घरी, मळ्यात आणि विहिरीवर फोन लावून बघावा. जुना स्टार्टर टू-जीवर चालणारा असेल तर फक्त फोर-जी देणाऱ्या कंपनीचे सीम त्यात चालणार नाही. रेंजची खात्री झाल्यावरच लांब मुदतीचा प्लॅन घ्यावा. माल विकून हातात पैसा येतो, तेव्हा असा रिचार्ज करणे सोयीचे पडते.

कंपनी बदलायची असेल तर नंबर तोच राहतो. PORT हा शब्द इंग्रजीत लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकावा आणि १९०० वर एसेमेस करावा. उत्तरात आलेला कोड नव्या कंपनीच्या दुकानात द्यावा. मात्र जुन्या रिचार्जचे उरलेले दिवस नव्या कंपनीकडे मिळत नाहीत. म्हणून मुदत संपत आली असतानाच बदल करावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. स्वस्ताच्या नादात नंबर बंद पडू देऊ नका. बँक खाते, आधार, पी.एम. किसान यांचे निरोप आणि ओटीपी त्याच नंबरवर येतात. फार दिवस रिचार्ज नसला तर नंबर बंद होतो आणि काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. मग तुमच्या खात्याचा निरोप परक्याच्या हाती पडतो! नंबर सोडायचाच असेल तर आधी बँकेत आणि आधार केंद्रावर जाऊन नवा नंबर नोंदवावा, मगच जुना सोडावा.

थोडक्यात, घरातल्या प्रत्येक फोनची गरज, दिवसाचा भाव आणि मुदत संपण्याची तारीख एका वहीत लिहून ठेवा. तारखेच्या दोन दिवस आधी रिचार्ज करा. कंपनीबद्दल तक्रार असल्यास १९८ वर फोन करून तक्रार क्रमांक लिहून घ्या.