शोक की सभा?



दर वर्षी १० ऑक्टोबरला डहाणू-तलासरीत लाल बावटे घेऊन माणसं जमतात. १९४५ साली या दिवशी तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी मारले गेले. वारली माणूस तेव्हा वेठबिगारीविरुद्ध उभा ठाकला होता. हुतात्म्यांना अभिवादन होतं, घोषणा होतात, मागण्याही मांडल्या जातात. मग कुणीतरी विचारतंच, हा शोक की सभा? हाच प्रश्न इटलीचा ऑपेराकार ज्युझेप्पे व्हर्दी याच्या ‘रेक्विएम’ला, म्हणजे मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थनेला त्याने दिलेल्या संगीताला, विचारला गेला. कादंबरीकार आलेस्सांद्रो मान्झोनी २२ मे १८७३ रोजी वारला आणि बरोबर वर्षश्राद्धाच्या दिवशी मिलानच्या सान मार्को चर्चमध्ये ही रचना गायली गेली. हान्स फॉन ब्यूलो हा जर्मन संगीतकार कार्यक्रमाला न जाताच लिहून मोकळा झाला, की हा तर पाद्र्याचा झगा घातलेला ऑपेरा! माझं म्हणणं असं, की ब्यूलोचं निरीक्षण खरं होतं, निकाल चुकीचा होता.

निरीक्षण खरं, कारण पुरावा रचनेतच आहे. ‘दीएस इरे’ या अंतिम न्यायाच्या भागात मोठ्या ढोलाचे दणके बसतात, पुढे लांबून तुताऱ्या येतात. ‘लाक्रिमोझा’ची चाल तर थेट ‘डॉन कार्लोस’ या ऑपेरातली. त्यातल्या पोझा या पात्राच्या प्रेतापाशी राजा आणि राजपुत्र ती गाणार होते. १८६७ मध्ये पॅरिसच्या पहिल्या प्रयोगाआधीच ते गाणं कापलं गेलं. म्हणजे जुनाच माल? हो. पण तो स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या माणसाच्या मरणावर रचलेला होता आणि कामी आला तो इटलीच्या एकीकरणाची आस धरणाऱ्या लेखकासाठी. यात ढोंग कुठे आलं? चारचौघांतलं दुःख मांडायला त्या समाजाने ऑपेराचा आवाज कमावला होता, इथल्या समाजाने मोर्चाचा. कमावलेल्या आवाजातच माणूस रडणार.

कुणी म्हणेल, व्हर्दी तर भाविकही नव्हता. नसेल. शेवटचा ‘लीबेरा मे’ ऐका: एकटी सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाची गायिका, एकाच सुरावर, घाईघाईने, जवळजवळ बोलल्यासारखी सुटकेची याचना करते. मरणाची भीती श्रद्धाळूंचीच मक्तेदारी नाही, आणि ती एका माणसाच्या तोंडून वदवणं हे नाटकवाल्याचंच काम. दुसरा आक्षेप जड आहे: प्रार्थना मृताच्या शांतीसाठी असते, ऐकणाऱ्याला हादरवण्यासाठी नव्हे. मान्य. उपासनेला हे संगीत सोयीचं नाहीच. १९०३ मध्ये दहाव्या पायस पोपने चर्चसंगीतातली नाटकी शैली निषिद्ध ठरवली. पण तो जागेचा प्रश्न झाला, खरेपणाचा नव्हे. सान मार्कोनंतर तीनच दिवसांनी ‘रेक्विएम’ ला स्काला नाट्यगृहात झालं. तेच त्याचं घर. संगीतकार ब्राम्सने स्वरलिपी चाळून ब्यूलोला केव्हाच खोटं पाडलं होतं. स्वतः ब्यूलोने १८९२ मध्ये व्हर्दीला माफीचं पत्र लिहिलं. म्हाताऱ्याने उलट टपाली कळवलं, की कोण जाणे, तुमचं पहिलंच मत बरोबर असायचं.