जुन्या मोटारीचा जमाखर्च



न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तेव्हापासून महाराष्ट्रात आंब्याच्या दिवसांबरोबर व्याख्यानांचेही दिवस येतात. अशा व्यासपीठावर इतिहास, वाङ्मय, राज्यकारभार यांवर बोलावे असा शिरस्ता आहे. चालकांनी माझे नाव सुचविले तेव्हा मला वाटले की, कामगार चळवळीवर बोलावयाचे असेल. परंतु ते म्हणाले, "भाऊ, गावात घरोघरी जुन्या गाड्या आल्या आहेत, आणि घरोघरी दुरुस्तीच्या बिलावरून कटकटी होत आहेत. त्यावरच बोला." तेव्हा आजचा विषय जुनी मोटार, तिचे बिघाड आणि तिचा खर्च.

माझा या विषयावरचा अधिकार काय, असे कोणी विचारील. नववीत शाळा सुटली. १९८६ साली ग्रँट रोडच्या बाजूस एका टॅक्सी-गॅरेजात हेल्पर म्हणून लागलो. दिवसा मोटारीखाली निजून पाना फिरवावयाचा आणि रात्री वाचनालयात बसून वाचावयाचे, अशी आठ वर्षे काढली. पुढे युनियनच्या कामात पडलो तो आजतागायत ड्रायव्हर आणि मिस्त्री यांच्यातच वावरत आहे. पुस्तकी विद्या थोडी आहे, पण बिले पुष्कळ पाहिली आहेत.

त्या गॅरेजात येत असे ती गाडी आपणांपैकी वडीलधाऱ्यांस आठवत असेल. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सचा कारखाना आपल्या कुर्ल्याला होता. तेथे इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने जी मोटार तयार होई, तिलाच पुढे 'प्रीमिअर पद्मिनी' हे नाव मिळाले. इंजिन १०८९ सी. सी.चे, गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खाली, मागे पट्ट्यांच्या स्प्रिंगा. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असे समीकरणच कित्येक दशके होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून ताडदेवच्या आर. टी. ओ.त २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस ती रस्त्यावरून उतरली.

ती इतकी वर्षे टिकली ती काही उत्तम यंत्र होती म्हणून नव्हे. उन्हाळ्यात पेट्रोलपंप तापला की पेट्रोलची वाफ होई आणि गाडी भर रस्त्यात बसे. मग पंपावर ओले फडके टाकून वाट पाहावयाची. किंगपिनला ग्रीस भरावयाचे राहिले तर स्टिअरिंग दगडासारखे होई. परंतु तिचा प्रत्येक बिघाड नाक्यावरच्या मिस्त्रीला उघड्या डोळ्यांनी दिसत असे आणि सुटा भाग स्वस्तात मिळत असे. टॅक्सीवाल्याच्या हिशेबात दुरुस्ती ही आपत्ती नव्हती. पेट्रोलासारखाच तो रोजचा खर्च होता. ग्रीसचे पैसे तो धंद्यातून वेगळे काढीत असे. पद्मिनीच्या दीर्घायुष्याचे रहस्य माझ्या मते एवढेच आहे, आणि आजच्या गाड्यांच्या बाबतीत आपण नेमके तेच विसरलो आहोत.

आता आपल्या गावाकडे वळू. लोकलच्या गर्दीला कंटाळलेला, घरात म्हातारी माणसे असलेला, किंवा टूरिस्ट परमिटवर पोट भरू पाहणारा मनुष्य दहाबारा वर्षे वापरलेली डिकीवाली लहान गाडी घेतो. घेताना किंमत पाहतो, रंग पाहतो, चाके लाथेने तपासतो. गाडी स्वस्तात पडली म्हणून पेढे वाटतो. सहा महिन्यांनी गॅरेजचे पहिले मोठे बिल येते तेव्हा म्हणतो, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!" मी त्यास सांगतो, बाबा रे, मसाला एवढा महाग नव्हता, तो तू महाग केलास. कसा, ते चार उदाहरणांनी सांगतो. आकडे आमच्या भागातील गॅरेजांतून मी पाहतो त्या बिलांवरून अदमासाने देत आहे. गाडीगणिक ते कमीजास्त होतील.

पहिले, इंजिन थंड ठेवण्याची व्यवस्था. रेडिएटरपासून इंजिनाकडे रबरी नळ्या जातात. दहा वर्षांत रबर कडक होते, चिरते, आणि पाणी थेंब थेंब गळू लागते. नळी बदलावयाची तर मजुरीसह हजाराच्या आत काम होते. परंतु आपण काय करतो? सकाळी बाटलीभर पाणी ओततो आणि निघतो. एक दिवस वसईच्या फाट्यावर वाहतूक तुंबते, काटा लाल रेघेपाशी जातो, आणि "आता पोहोचलोच" म्हणून आपण गाडी तशीच रेटतो. इंजिनाचे डोके वाकते, हेड गॅस्केट जाते. डोके उतरवून, घासून, पुन्हा बसविण्यास बारा ते वीस हजार. ही चूक मी दुसऱ्याची सांगत नाही. माझी स्वतःची आहे. आठ वर्षे गॅरेजात काढलेल्या माणसाने ती केली, यावरून मोह किती मोठा असतो ते लक्षात घ्यावे.

दुसरे, क्लच. घोडबंदरच्या रांगेत क्लच अर्धा दाबून गाडी तासभर सरकवीत नेली की प्लेट झिजते. क्लच बदलण्यास गिअरबॉक्स उतरवावा लागतो. खरा खर्च त्या श्रमाचा. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग यांचा संच व मजुरी मिळून लहान गाडीला सात ते बारा हजार होतात. कित्येकजण बेअरिंगचे पैसे वाचविण्यासाठी जुनेच ठेवतात. ते चार महिन्यांनी ओरडू लागते आणि गिअरबॉक्स उतरविण्याची मजुरी दुसऱ्यांदा पडते.

तिसरे, चाकांची बांधणी. आपल्या रस्त्यांचे वर्णन मी करीत नाही, आपण ते रोज अनुभवता. खड्ड्यांनी लोअर आर्मचे रबरी बुश फाटतात, बॉलजॉइंट ढिले होतात, शॉकअब्झॉर्बर गळतात. गाडी खडखडते, पण चालते. म्हणून आपण ऐकून न ऐकल्यासारखे करतो. बुशचे काम हजार दीड हजाराचे. ते टाळले की टायर एका कडेने खाल्ला जातो, आणि एका टायरची किंमत त्या कामाच्या तिप्पट असते.

चौथे, गंज आणि पाणी. नायगावात राहणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे. एका बाजूस खाडी, सभोवार मिठागरे. आपली हवाच खारी. खाऱ्या ओलाव्यात पत्रा तर गंजतोच, पण बॅटरीची अर्थिंगची तारही हिरवी पडून झिजते. मग सेल्फ लागत नाही, आणि मनुष्य पाच हजारांची नवी बॅटरी घेऊन येतो. तार घासून घट्ट केली असती तर काम भागले असते. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याने धुवावी. दाराच्या खालच्या कडेस पाणी निघून जाण्याची बारीक भोके असतात, ती काडीने मोकळी करावीत. जुलै २०१८ मध्ये वसईविरार पाण्याखाली गेले तेव्हा शेकडो गाड्या बुडाल्या. त्यांतल्या पुष्कळ गाड्या पाण्याने मारल्या नाहीत, मालकांनी मारल्या. इंजिनात पाणी शिरले असता सेल्फ मारला की पाणी दबत नाही, आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. बुडालेली गाडी सुरू करून पाहू नये, ओढून न्यावी. या एका गोष्टीने इंजिन वाचते.

हे सारे पैशाचे झाले. आता ब्रेकविषयी बोलतो, कारण येथे प्रश्न पैशापुरता राहत नाही.

आमच्या युनियनचा एक सभासद आहे. नाव सांगत नाही. नऊ वर्षांची डिझेल गाडी, टूरिस्ट परमिट, घरी दोन मुली. त्याच्या पुढच्या चाकातून ब्रेक दाबताच खरखर आवाज येऊ लागला. ब्रेकपॅड संपले होते. खर्च अठराशे रुपये. परंतु पाच तारखेस कर्जाचा हप्ता होता. त्याने हप्ता भरला आणि पॅड पुढच्या महिन्यावर ढकलले. पुढच्या महिन्यात शाळेची फी निघाली. पॅडचा पत्रा डिस्कवर घासत राहिला. पॅड झिजले तसतसा पिस्टन बाहेर सरकत गेला, आणि शेवटी त्याच्या कडेने ब्रेक ऑइल गळू लागले. एके रात्री दोन भाडी घेऊन ठाण्याहून परतताना गायमुखच्या उतारावर पेडल तळाला टेकले. उरल्यासुरल्या ब्रेकवर, हातब्रेक ओढून, खालच्या गिअरात घालून त्याने गाडी डोंगराच्या कडेला घातली. उतारू खरचटण्यावर निभावले. त्याचा पाय मोडला. साडेतीन महिने गाडी आणि माणूस दोन्ही बसून होते.

मी रुग्णालयात भेटावयास गेलो. मनात राग होता, दोन शब्द सुनवावयाचेच असे ठरवून गेलो होतो. त्याने मला बोलूच दिले नाही. म्हणाला, "भाऊ, मला ठाऊक होतं. आवाज रोज येत होता. उतारू बसले की मी रेडिओ मोठा करायचो."

बंधुभगिनींनो, त्या दिवसापासून मी ड्रायव्हरांपुढे 'ब्रेक तपासा' असे नुसते व्याख्यान देत नाही. त्यास ज्ञान कमी पडले नव्हते. महिन्याच्या चार तारखेस अठराशे रुपये कमी पडले होते. सरकारही तपासणी करते. प्रवासी गाडीचे फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांतून एकदा आणि पुढे दरवर्षी करावे लागते. ते योग्यच आहे. पण पॅड दोन तपासण्यांच्या मधल्या काळातही झिजतात, आणि फिटनेसचा कागद उतारावर गाडी थांबवीत नाही.

म्हणून आम्ही एक साधी रीत घातली. किलोमीटरमागे एक रुपया वेगळा काढावयाचा. रोज शंभर किलोमीटर आणि महिन्यास पंचवीस दिवस गाडी चालली तर अडीच हजार रुपये साठतात, वर्षाचे तीस हजार. दहाबारा सभासदांनी मिळून भिशीसारखी पेटी ठेवावयाची. ज्याचा ब्रेक किंवा क्लच जाईल त्याने आधी उचलावे आणि मागाहून भरावे. भाड्याच्या दरात किलोमीटरमागे हा रुपया मिळालाच पाहिजे, ही आमची मागणी वेगळी चालूच आहे. पण ती मान्य होईपर्यंत ब्रेक वाट पाहणार नाहीत. घरगुती गाडीवाल्यांसही माझे हेच सांगणे आहे. महिन्यास सहाशे किलोमीटर गाडी फिरत असेल तर सहाशे रुपये डब्यात टाका. बिल आले म्हणजे ते घरात फुटलेल्या बॉम्बसारखे वाटणार नाही. आणि एक वही ठेवा: कोणत्या तारखेस, किती किलोमीटरवर, काय बदलले. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, म्हणून ते दोन वर्षांनी बदलावे लागते. वही नसेल तर दोन वर्षे केव्हा झाली हे आठवत नाही.

आता विचाराल की, अशी डागडुजी किती वर्षे करावयाची? त्यालाही मर्यादा आहे. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. त्या सुमारास बसून शांतपणे तीन प्रश्न विचारावेत. जॅक लावावयाच्या जागेचा पत्रा शाबूत आहे काय? सुटे भाग बाजारात मिळतात काय? आणि येत्या वर्षाची दुरुस्ती गाडीच्या विक्रीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होते काय? पहिल्याचे उत्तर 'नाही' असेल तर पुढचे दोन विचारूच नयेत. सांगाडाच गंजला असेल तर त्यात माणसे बसविणे हा गुन्हा आहे. बाकीच्या दोहोंत नाकापेक्षा मोती जड झाले असे दिसले, तर आठवणींची भीड न धरता गाडीला निरोप द्यावा.

शेवटी एक गाऱ्हाणे मांडतो. युनियनवाला मनुष्य ते मांडल्यावाचून खाली कसा बसेल? बिलात सुट्या भागांची किंमत आपण मुकाट्याने देतो, कारण ती पुठ्ठ्याच्या खोक्यावर छापलेली असते. घासाघीस करतो ती मजुरीवर. ज्या मुलाने तापलेल्या इंजिनाखाली निजून चार तास काम केले, त्याचे दोनशे रुपये कापून आपण समाधानाने घरी जातो. पुढच्या खेपेस तो बोल्ट नीट आवळावयाचा की घाईने, हे त्याच्या मनावर राहते. आणि आपली मुलेबाळे त्या बोल्टावर बसून जातात. तो मुलगा नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरत असेल, तर त्याला थांबवा आणि खाली घोडी लावावयास सांगा. मी त्या वयात तसाच शिरत असे. वाचलो ते नशिबाने. माझ्यासोबतच्या एकाची दोन बोटे गेली.

उद्या सकाळी गाडी सुरू कराल तेव्हा पहिली पाच मिनिटे रेडिओ लावू नका, एवढी विनंती आहे.