बंब कोणाच्या हाती?

मुंबईत आग विझविण्याचे काम आरंभी पोलिसांकडे असे. १८८७ मध्ये ते महापालिकेकडे आले. ज्याचे नळ त्याचाच बंब, ही व्यवस्था मला सयुक्तिक वाटते. बडोद्यास आजही तीच आहे. बेळगावात व गोव्यात मात्र हे दल राज्य सरकारचे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने अग्निशमन हा विषय नगरपालिकांच्या यादीत घातला. परंतु तो प्रत्यक्ष सोपविणे राज्यांच्या मर्जीवर ठेवले. मुंबईची तिजोरी मोठी. लहान गावच्या नगरपालिकेस दिवाबत्तीचीच भ्रांत! तिच्या दारी नुसता बंब उभा करून कसे भागेल? रात्रपाळीस चालक कोठून येणार, जवानांना शिक्षण कोण देणार, त्यांचा पगार कोणत्या खात्यातून निघणार, हे हस्तांतराच्या कागदावर आधी लिहिलेले असावे.