मातीचे भांडवल
(तळेगाव दाभाडे येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



१९०८ साली याच तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. सामान्य माणसांनी दिलेला एकेक पैसा हे त्याचे भांडवल होते. स्वदेशीचा तो विचार आज मातीलाही लावण्याची वेळ आली आहे. मावळातील भातखाचरांवर प्लॉट पडत आहेत. कारखाने हवेत, घरेही हवीत; परंतु पाया खणताना खरवडला जाणारा मातीचा सुपीक थर घडायला शतके लागलेली असतात. तो गेला की मुद्दलच गेले.

ऑस्ट्रेलियातील बिल मॉलिसन व डेव्हिड होमग्रेन यांनी १९७८ साली ‘पर्माकल्चर’ हा विचार ग्रंथरूपाने मांडला. शाश्वत शेती हा त्याचा सरळ अर्थ. भूमीची निगा, माणसाची निगा आणि गरजेपुरते ठेवून उरलेल्याचे वाटप ही त्याची तीन सूत्रे. आधी ऊन, वारा व पाण्याची वाट न्याहाळायची, मग लागवड करायची. एकाचे टाकाऊ ते दुसऱ्याचे अन्न व्हावे, अशी रचना साधायची.

हा विचार आपल्याकडे परका नाही. खाचराच्या बांधाने पाणी अडवणारा आणि भातानंतरच्या ओलीवर हरभरा घेणारा शेतकरी तो जगतच आला. सह्याद्रीतील अनेक देवरायांतून पडलेले पानही उचलायचे नाही, असा दंडक होता.

मात्र पूर्वजांच्या नुसत्या गौरवाने माती सुधारत नाही. त्यासाठी प्रयोग लागतो. गणिताचे प्राध्यापक असलेले कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभारून सामान्य शेतकऱ्याला संशोधक बनविले. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचा निर्वाह होऊ शकतो, हा हिशेब त्यांनी मांडला.

तळेगावच्या बंगल्याभोवती दहा गुंठे नसतील, पण अंगण असते. छपरावरचे पावसाचे पाणी शोषखड्ड्यात मुरवावे. मोरीच्या पाण्यावर केळ व अळू, आंब्याच्या सावलीत हळद व आले लावावे. पालापाचोळा जाळू नये. तो झाडाच्या बुंध्याभोवती पसरावा. नवे घर बांधणाऱ्याने पाया खणण्यापूर्वी वरची वीतभर माती बाजूला काढून ठेवावी व बांधकामानंतर परसात पसरावी.

थेंबे थेंबे तळे साचे, तशी ओंजळ ओंजळ पाचोळ्याने माती साचते. एकेका पैशाने कारखाना उभारणाऱ्या गावाला हे निराळे सांगावे लागू नये.