चांद्याची सोळा ऑक्टोबर



दीक्षाभूमी म्हटलं की आपली पोरं पटकन नागपूर सांगतात. बरोबरच आहे. पण चांद्याचं काय? नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, परमपूज्य बाबासाहेब प्रकृती ठीक नसतानाही आमच्या चांद्याला आले. जंगलपट्टीतल्या खेड्यापाड्यांतून जमलेल्या आपल्या बापजाद्यांना त्यांनी स्वतः धम्मदीक्षा दिली. मुंबईची दीक्षा डिसेंबरात ठरली होती, पण ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण झालं. म्हणजे त्यांच्या हातचा शेवटचा दीक्षासोहळा आपला!

यामागं बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांची धडपड होती. वय तेव्हा जेमतेम एकतीस. विलायतेहून बॅरिस्टर झालेला माणूस नुसती वकिली करता तर कोण विचारणार होतं? ते समाजात राहिले. रिपब्लिकन पक्षाचं काम केलं, १९६९ ते १९७२ राज्यसभेचे उपसभापती झाले, १९८४ साली गेले.

याच चांद्याच्या तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इंग्रजांनी वीर बाबूराव शेडमाके यांना फाशी दिली. मोलमपल्लीचे गोंड जमीनदार, पंचविशीतला गडी. ते गाव आता गडचिरोलीत. १९८२ साली जिल्हा वेगळा झाला, म्हणून माणूस परका होतो काय? मिरवणुकीत त्यांचा फोटो का नाही विचारलं, तर उत्तर येतं, 'ते आदिवासींचे.' हे आम्हाला टोचतं. जंगल एक, सावकार एक, वेठ एक, मग फोटो वेगळा कसा?

येत्या सोळा ऑक्टोबरला राजाभाऊ आणि बाबूराव, दोघांचेही फोटो ट्रकवर लागावेत, एवढं कार्यकारिणीनं लिहून घ्यावं. हारांचे पैसे आम्ही देऊ.