झाकली मूठ आणि उघडा सातबारा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपल्याकडे 'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' असं म्हणतात. ही दोन्ही कामं किती अवघड आहेत हे सांगण्यासाठी ती म्हण आहे. पण मला या दोहोंत आणखी एक साम्य दिसतं. दोन्हींची बारीक चौकशी करण्याचा आपल्याला हक्कच आहे, असं गावातल्या प्रत्येकाला वाटतं. घर घेतलं म्हटलं की प्रश्न सुरू होतात. केवढ्याला पडलं? कर्ज किती काढलं? हप्ता किती बसतो? कोणाच्या नावावर केलं? आणि शेवटचा, अर्धा मनातच ठेवलेला प्रश्न असतो, एवढा पैसा आला कुठून?

या प्रश्नांना कंटाळून, काही वेळा घाबरून, माणसं घर घेतल्याचंच लपवतात. माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली. तलाठी म्हणून लागलो आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत असा सगळा हिंगोली जिल्हा पायाखालून गेला. या काळात नोंदीच्या कामासाठी आलेली कितीतरी माणसं खुर्ची जवळ ओढून हळूच विचारायची, 'साहेब, हे गावात कळू न देता करता येईल का?' त्या प्रश्नाचं उत्तर आज जरा सविस्तर द्यावं म्हणतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. लपवणारा माणूस लबाडच असतो असं नाही. चार भावांत एकाला नोकरी लागते. तो मुलांच्या शिक्षणासाठी नांदेडला लहानसा फ्लॅट घेतो. घर त्याच्या पगाराचं, कर्ज त्याच्या नावावर. पण गावी कळलं की भावांना वाटतं, शेतीच्या पैशातून ह्यानं घर केलं, म्हणजे आमचाही त्यात वाटा आला. दुसरा एखादा हळद विकून हिंगोलीत प्लॉट घेतो. आठवड्यात तीन नातेवाईक जामीन राहा म्हणून दारात उभे राहतात. तिसऱ्याची मुलगी लग्नाची असते. शहरात घर आहे असं कळलं की पाहुण्यांच्या अपेक्षा वाढतात. आणि काही बायका माझ्याकडे यायच्या, त्या सगळ्यांत हळू बोलायच्या. शिवणकाम करून, भिशी लावून त्यांनी दीड गुंठा घेतलेला असायचा आणि दारूपायी तो विकला जाईल ही भीती डोळ्यांत असायची. या माणसांना 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण कोणी शिकवावी लागत नाही.

तरीही मला त्यांना खरं तेच सांगावं लागायचं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. जमीन आणि घर ही आपल्या राज्यात झाकून ठेवता येणारी वस्तूच नाही.

कसं ते पाहा. तुम्ही खरेदीखत केलं की ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. हे काम १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे चालतं. त्याच कायद्याच्या कलम ५७ मध्ये म्हटलं आहे की, स्थावर मिळकतीच्या दस्तांचं पुस्तक आणि त्याची सूची फी भरून कोणालाही पाहता येते. सूची क्रमांक दोन, म्हणजे आपण जिला 'इंडेक्स टू' म्हणतो, तिच्यात विकणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, मोबदल्याची रक्कम, बाजारभाव आणि भरलेलं मुद्रांक शुल्क असं सगळं असतं. आता ती सूची संगणकावरही शोधता येते. म्हणजे 'केवढ्याला पडलं' या प्रश्नाचं उत्तर तुम्ही नाही दिलं तरी सरकारी दप्तरात ते लिहिलेलं आहेच.

जमीन किंवा प्लॉट असेल तर पुढे फेरफार होतो. जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ती नोंद चावडीवर लावतात, हितसंबंधितांना नोटीस देतात. हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मग नाव सातबाऱ्यावर येतं. बँकेचं कर्ज असेल तर त्याच सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात बोजा म्हणून लिहिलं जातं. हा सातबारा आज कोणीही घरबसल्या मोबाईलवर फुकट पाहू शकतो. पूर्वी त्यासाठी तलाठ्याच्या मागे हिंडावं लागायचं. आता पुण्यात बसलेला चुलतभाऊ चहा पिता पिता तुमचा बोजा वाचतो.

गावठाणातल्या घरांचं वेगळं होतं. त्यांना सातबारा नव्हता, ग्रामपंचायतीचा नमुना ८ होता आणि तो मुळात कर आकारणीसाठीचा कागद. २०२० मध्ये स्वामित्व योजना आली, ड्रोननं गावठाणांची मोजणी होऊ लागली आणि जिथे ती पूर्ण झाली तिथे घरांच्या मिळकत पत्रिका तयार झाल्या. चांगलं झालं. घरावर कर्ज काढता येऊ लागलं. पण जे घर इतके दिवस फक्त गल्लीला माहीत होतं, तेही दप्तरात आलं.

आणि गरिबाचं घर तर सगळ्यांत उघडं. घरकुलाची यादी ग्रामसभेत वाचली जाते. नाव का आलं, का नाही आलं, यावर सगळ्यांसमोर बोललं जातं. पाया झाला की फोटो, भिंती झाल्या की फोटो, छत पडलं की फोटो. पैसा सरकारचा, म्हणून हिशेब उघड, हे बरोबरच आहे. पण ज्यांच्याजवळ लपवावं असं काही नाही त्यांचंच घर चव्हाट्यावर मोजलं जातं आणि ज्यांच्याजवळ चार घरं आहेत ते खासगीपणाबद्दल बोलतात, याचा विचार आपण कधीतरी करावा.

मग प्रश्न असा येतो की, हे दप्तर इतकं उघडं ठेवलंय कशाला? त्याला कारण आहे. घर म्हणजे डब्यातलं सोनं नव्हे. एकच प्लॉट तिघांना विकण्याचे प्रकार आपण ऐकतो. घेणाऱ्याला खरा मालक कोण हे पाहता आलं पाहिजे. बहिणीचं नाव गाळून वारस नोंद होत असेल तर तिला ते कळलं पाहिजे. मराठवाड्यात तर या उघड्या दप्तराचं मोल आपण चांगलं जाणतो. निजाम राजवट १९४८ मध्ये संपली, पण १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक आजही जमिनीच्या वादात शोधलं जातं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू झालं तेव्हा कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं पुन्हा चाळली गेली. आजोबांचं नाव कोणीतरी उघडपणे लिहून ठेवलं म्हणून नातवाला ते सापडलं.

पण कायदा सगळंच उघडं करतो असंही नाही. त्याच कलम ५७ मध्ये मृत्युपत्राची वेगळी सोय आहे. नोंदवलेल्या मृत्युपत्राची नक्कल करणारा हयात असेपर्यंत फक्त त्यालाच किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते, इतरांना त्याच्या पश्चात. म्हणजे घर कोणाचं आहे हे सगळ्यांना कळावं, पण ते पुढे कोणाला द्यायचं आहे हे मनातलं मनात राहू द्यावं, असा हा कायदा आहे. मला यात मोठं शहाणपण दिसतं.

त्यावरूनच मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. चौकशी आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला नुसती चौकशी करायची आहे त्याला उत्तर देण्याचं बंधन नाही. 'केवढ्याला पडलं' असं विचारलं तर 'झेपेल तेवढ्याला घेतलं' म्हणावं, चहा द्यावा आणि विषय बदलावा. खोटं बोलू नये. 'भाड्यानं राहतोय' असं सांगून पुढे वास्तुशांतीच्या दिवशी तोंड लपवावं लागतं आणि उघडं पडल्यावर समोरच्याला किमतीपेक्षा खोट्याचा राग जास्त येतो.

भावांची भीती असेल तर तिला उत्तर लपवणं नाही. स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या नावावर घेतलेलं घर केवळ कुटुंब एकत्र आहे म्हणून आपोआप एकत्र कुटुंबाचं होत नाही. तसं म्हणणाऱ्याला ते सिद्ध करावं लागतं. तुमच्याकडे पगाराचे, बँकेचे, हप्त्यांचे कागद असले की झालं. उलट वाद टाळायचा म्हणून दुसऱ्याच्याच नावावर घर करणं हा खरा धोका. बेनामी व्यवहाराचा कायदा १९८८ चा, पण १ नोव्हेंबर २०१६ पासून तो फार कडक झाला. उत्पन्न ज्ञात असेल तर बायको-मुलांच्या नावावर घेण्याला त्यात सूट आहे. भरवशाच्या मित्राच्या नावावर घेण्याला नाही. आणि सरकारी नोकरांना तर स्थावर मिळकतीची माहिती नियमानंच खात्याला द्यावी लागते.

आता हक्काचं बोलू. ज्याच्या आयुष्याचा भार त्या घरावर आहे, त्याला ते माहीत असणं हा त्याचा हक्क आहे. यात सगळ्यांत पहिली घरातली बाई येते. आपल्याकडे पुष्कळ पुरुष गावापासून लपवतात आणि त्या ओघात बायकोपासूनही लपवतात. 'तिच्या पोटात राहत नाही, माहेरी बोलेल' असं कारण देतात.

वारस नोंदीच्या कामात एक बाई माझ्यासमोर आल्या होत्या. मालक पुण्याकडे कारखान्यात कामाला. तिकडे एक खोली-स्वयंपाकघराचं घर त्यांनी कर्ज काढून घेतलं होतं. गावी कोणाला पत्ता नव्हता, बायकोलाही नाही. एका दुपारी ते अपघातात गेले. बाईंना आपलं एक घर आहे हे कळलं ते थकलेल्या हप्त्यांच्या बँकेच्या पत्रावरून. कर्जाला विमा होता की नाही, कोणाला ठाऊक नव्हतं. मूळ कागद कुठे, ठाऊक नव्हतं. दीर म्हणाले, तुला माहीत होतं, तू लपवलंस. सासूबाईंनी बोलणं सोडलं. कायद्यानं विधवा, मुलं आणि आई यांचा सारखाच हिस्सा असतो, पण एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या सासू-सुनेनं एका कागदावर सह्या करायच्या कशा? नवऱ्यानं ते घर केलं होतं ते याच बायको-मुलांसाठी. त्याची नियत चांगली होती. पण ते गुपित घरातल्या कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्याचा त्रास घरातल्यांनाच झाला.

म्हणून सांगतो. जमत असेल तर घर दोघांच्या नावावर करा. घरकुलसुद्धा साधारणपणे पत्नीच्या किंवा दोघांच्या नावानं मंजूर होतं. बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. खरेदीखत, कर्जाचा करार, विम्याचा कागद, कर भरल्याच्या पावत्या एका पिशवीत ठेवा आणि ती पिशवी कुठे आहे हे घरात किमान एका माणसाला सांगा. नॉमिनी नेमला म्हणजे काम झालं असं समजू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मनात वेगळं काही असेल तर मृत्युपत्र करा. ते गुप्त ठेवायची सोय कायद्यानंच दिली आहे. आणि वर्षातून एकदा आपला सातबारा किंवा मिळकत पत्रिका स्वतः पाहा. शेजारी पाहतो, मग आपणही पाहावी.

ज्या बायकांना नवऱ्यापासूनच आपला दीड गुंठा वाचवायचा असतो, त्यांना मी एवढंच म्हणायचो. बाई, घाबरू नका. तुमचं नाव दप्तरात आहे हे उघड आहे, तेच तुमचं रक्षण आहे. तुमच्या सहीशिवाय तो विकता येत नाही. ही सही तेवढी जपा, कोऱ्या कागदावर ती कधी करू नका.

गावाला किंमत सांगू नका, खुशाल सांगू नका. पण रात्री दार लावल्यावर आतल्या माणसांना मात्र ठाऊक असू द्या की, हे छप्पर कोणाचं आहे, त्यावर किती देणं आहे आणि उद्या आपण नसलो तर कोणाला विचारायचं.