पुढचं, जवळचं आणि शेवटचं

‘नेक्स्ट’ आणि ‘निअरेस्ट’ हे इंग्रजी शब्द एकाच कुळातले आहेत. जुन्या इंग्रजीत ‘जवळ’ या अर्थाचा एक शब्द होता. आज तो ‘नाय’ या रूपात क्वचितच भेटतो. त्याचं ‘अधिक जवळ’ हे रूप म्हणजे ‘निअर’ आणि ‘सर्वांत जवळ’ हे रूप म्हणजे ‘नेक्स्ट’. पुढे ‘निअर’ हाच मूळ शब्द मानला जाऊ लागला आणि त्याला प्रत्यय लागून ‘निअरेस्ट’ तयार झाला. अंतराचं काम या नव्या रूपानं घेतलं, जुन्याकडे मुख्यतः क्रमाचं काम राहिलं.

दादरहून ठाण्याकडे निघालेली, कुर्ल्याला थांबणारी जलद लोकल घ्या. त्या दिशेचं निअरेस्ट स्टेशन माटुंगा. पण गाडी तिथं थांबत नाही, म्हणून डब्यातली घोषणा नेक्स्ट स्टेशन म्हणून कुर्ल्याचं नाव घेते. जवळिकीचा जुना अर्थ मात्र पुरता गेलेला नाही. विम्याच्या किंवा इस्पितळाच्या कागदांवर ‘नेक्स्ट ऑफ किन’ असतं, ते सर्वांत जवळच्या नातलगासाठी. ‘नेक्स्ट टू द बँक’ म्हणजे बँकेला लागून, मध्ये दुसरी इमारत नाही. दोन गल्ल्या सोडून असलेल्या घराच्या पत्त्यात ‘निअर द बँक’ लिहावं; ‘बँकेच्या जवळ’मधल्या ‘च्या’साठी तिथं ‘ऑफ’ घालू नये.

‘लास्ट’ आणि ‘लेटेस्ट’ यांचीही हीच कहाणी. दोन्ही ‘लेट’ची रूपं, ‘लास्ट’ जुनं, ‘लेटेस्ट’ नंतरचं. मराठीत गेला महिना वेगळा आणि शेवटचा महिना वेगळा; इंग्रजी दोन्हींसाठी ‘लास्ट’ वापरते आणि संदर्भावर विसंबते. म्हणून हयात लेखकाच्या नव्या पुस्तकाला ‘लेटेस्ट’ म्हणणंच योग्य. ‘हिज लास्ट बुक’ वाचणाऱ्याला लेखणी थांबली असंही वाटू शकतं, आणि सत्काराच्या निमंत्रणपत्रिकेत ते फार खटकतं.

‘लॅटर’ आणि ‘लेटर’ यांतही जुनं रूप क्रमाकडे, नवं काळाकडे. गोदावरी आणि कृष्णा या नद्यांचा उल्लेख करून ‘द लॅटर’ महाबळेश्वरला उगम पावते असं लिहिलं, तर ती कृष्णा. हा शब्द दोघांतल्या दुसऱ्यासाठीच आहे. यादीत भीमाही आली की नाव पुन्हा लिहिलेलं बरं.

मराठी माणसाची खरी अडचण होते ती ‘द’पाशी, कारण मराठीत त्याच्या जोडीचं काही नाही. नुसतं ‘नेक्स्ट वीक’ आजपासून मोजतात. मे महिन्यात झालेल्या लग्नाची हकिकत सांगताना त्यानंतरचा आठवडा हवा असेल, तर ‘द नेक्स्ट वीक’ लागतं.

‘नेक्स्ट फ्रायडे’चा घोळ मात्र खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांतही आहे. बुधवारी हे शब्द ऐकून कुणी परवाचा दिवस धरतो, कुणी त्यानंतरच्या आठवड्यातला. परवाच्यासाठी ‘धिस फ्रायडे’ अधिक स्पष्ट. त्यापुढच्या शुक्रवारसाठी, निदान कामाच्या पत्रात, सोबत तारीख लिहावी.